टाकणखाराची लाही आणि जांभळे औषध

टाकणखार समुद्रकिनाऱ्यावर तयार होत नाही. लडाखच्या पुगा खोऱ्यात आणि तिबेटमधल्या खाऱ्या सरोवरांच्या काठी तो जमिनीवर पांढरट थराने साचतो. एके काळी मेंढ्यांच्या पाठीवर लहान पिशव्या लादून तो हिमालयाच्या खिंडींतून खाली उतरवत, पायथ्याच्या बाजारांत विकत आणि मग व्यापाऱ्यांच्या हातून तो देशभर पसरे. महाराष्ट्रात काष्ठौषधींच्या दुकानात त्याची दोन हक्काची गिऱ्हाइके होती. एक सोनार, कारण डाक लावताना टाकणखाराशिवाय सोने नीट जुळत नाही. दुसरे गिऱ्हाईक म्हणजे घरात तान्हे बाळ असलेली आजी.

आजी तो तसाच वापरत नसे. खडा लोखंडी पळीत घालून निखाऱ्यावर धरला की त्यातले पाणी उडून जाई आणि तो फुगून हलका, पांढराशुभ्र होई. हीच टाकणखाराची लाही. ती वस्त्रगाळ करायची, चिमूटभर मधात खलायची, जुन्या धोतराची धुतलेली मऊ चिंधी करंगळीला गुंडाळायची आणि बाळाच्या जिभेवरून, गालांच्या आतून हलकेच फिरवायची. ‘बाळाचं तोंड आलंय’ असे निदान घरात एकदा झाले की महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत याच क्रमाने हालचाल सुरू होई. सफाळे आणि केळव्याच्या मधले माकुणसारही त्याच महाराष्ट्रातले.

हे निदान बहुतेक वेळा बरोबर असे, कारण तान्ह्याचे तोंड रोज पाहणारी माणसे घरातच होती. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जिभेवर, गालांच्या आतल्या बाजूला, हिरड्यांवर, कधी टाळूवर पांढरे ठिपके उमटतात आणि एकमेकांत मिसळून थर होतो. तो दिसतो फाटलेल्या दुधासारखा, आणि घोटाळा तिथेच होतो. दूध पिऊन झोपलेल्या बाळाच्या जिभेवरही पांढरे असतेच. ते ओल्या कापडाने पुसले की निघते, खालची जीभ गुलाबी दिसते. तान्ह्याचे असे तोंड येते ते बुरशीमुळे, आणि बुरशीचा थर मात्र सहज निघत नाही. जोर लावला तर खाली लालबुंद, क्वचित रक्त पाझरणारी जागा उघडी पडते. शिवाय नुसते दूध साचले असेल तर ते जिभेवरच राहते. गालांच्या आत आणि हिरड्यांवर पांढरे दिसले तर ते दूध नव्हे. बाळ स्तनाला तोंड लावते, दोन घोट घेते आणि रडत बाजूला होते. काही बाळांना त्याच सुमारास लंगोटाच्या जागी लाल, कडेला बारीक पुटकुळ्या असलेले पुरळही येते. तीही तीच बुरशी, आतड्यातून खाली उतरलेली.

न बोलणाऱ्या रोग्याची तक्रार ओळखणे ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. काश्यपसंहितेत ‘वेदनाध्याय’ नावाचा एक संपूर्ण भाग आहे. बाळाला कुठे दुखते हे त्याच्या हालचालींवरून कसे ताडावे, एवढाच त्याचा विषय. तोंडाच्या आजाराची खूण म्हणून लाळ फार गळणे, स्तन नकोसा होणे, अस्वस्थता, प्यालेले दूध बाहेर टाकणे आणि नाकाने श्वास घेणे ही लक्षणे तिथे सांगितली आहेत. हा ग्रंथ शतकानुशतके लुप्तप्राय होता. नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज शर्मा यांच्या संग्रहातल्या अपुऱ्या ताडपत्री पोथीवरून तो १९३८ मध्ये छापून आला. म्हणजे माकुणसारच्या एखाद्या आजीने तो वाचला असण्याची शक्यता शून्य. पण लाळ आणि स्तनाचा नकार या दोन खुणा तिलाही ठाऊक होत्या, कारण त्या बाळाकडे पाहूनच कळतात.

आयुर्वेदाने आणखी एक गोष्ट फार आधी मांडली होती. केवळ दुधावर असलेल्या बाळाला ‘क्षीरप’ म्हणत आणि त्याच्या आजारात औषध बाळाइतकेच, किंबहुना आधी, दूध पाजणारीला देत. सुश्रुतात औषधाचा लेप स्तनावर लावून बाळाला पाजण्याची युक्तीही आहे. कारणमीमांसा वेगळी होती. दोष दुधात आहे, ते शुद्ध करायचे, अशी ती समजूत. आजचा बालरोगतज्ज्ञ दुधाला दोष देत नाही. पण आईच्या स्तनाग्रांना जळजळ, भेगा, टोचल्यासारखे दुखणे असेल तर बाळाबरोबर तिच्यावरही उपचार करतो, कारण बुरशी दोघांत फिरत राहते.

माकुणसार ज्यात येते त्या पालघर तालुक्याच्या पट्ट्यात पश्चिमेला समुद्र, मध्ये खाडी आणि खाजण, आणि पूर्वेकडे चढत जाणारा डोंगर. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरच्या काळात हा भाग माहीम तालुक्यात मोडत होता. केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर इथले किल्ले चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ मध्ये, मराठ्यांकडे आले होते. ती कथा शाळेत शिकवली जाते. वाडवळ, भंडारी, मांगेले, आगरी, कुणबी यांच्या घरांतल्या आणि डोंगराकडच्या वारली, मल्हार कोळी, कातकरी पाड्यांवरच्या बाळंतिणीच्या खोलीचा इतिहास मात्र गॅझेटिअरमध्ये फारसा सापडत नाही. ती खोली सुइणीच्या आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या ताब्यात होती. शेक-शेगडी, धुरी, पाचवीची पूजा, सटवाईसाठी ठेवलेला कोरा कागद आणि लेखणी. सहाणेवर वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, हिरडा यांचे ठरलेले वेढे उगाळून केलेली बाळगुटी, आणि ती पाजायला बोंडले.

या खोलीत बुरशीला हवे ते सगळे होते. किनाऱ्याची दमट हवा, पावसाळ्यात धड न वाळणारी दुपटी, तान्ह्याची अजून न घडलेली प्रतिकारशक्ती, आणि दुधाच्या साईने चिकट झालेले बोंडले. आईचे दूध कमी पडले की गाईचे किंवा शेळीचे दूध त्याच बोंडल्यातून जाई. ते उकळत्या पाण्याने धुणारी घरे होती, राखेने घासून पालथे ठेवणारी होती आणि नुसते विसळणारीही होती.

जुन्या ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कल्याणला, १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. डॉक्टर होण्याच्या त्यांच्या निश्चयाचे मूळ तिथे असल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या आणि प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. ज्या खोलीत पुरुष वैद्याला प्रवेश नव्हता आणि सरकारी डॉक्टरला रस नव्हता, तिथले ज्ञान शास्त्राच्या मेजावर मांडण्याचा हा एका मराठी बाईचा पहिलाच मोठा प्रयत्न. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत त्या गेल्या.

त्याच १८८६ मध्ये मुंबईत स्त्रिया आणि मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. रेल्वे तर त्याआधीच, १८६० च्या दशकात, सुरतेकडून वैतरणा ओलांडून आली होती. विरार, वैतरणा, सफाळे, केळवे रोड अशी स्टेशने लागली आणि पानाचे करंडे, केळी, मासळी मुंबईला जाऊ लागली. परळला वाडिया प्रसूतिगृह १९२६ मध्ये आणि मुलांचे वाडिया रुग्णालय १९२९ मध्ये उभे राहिले. पण जीभ पांढरी झाली म्हणून तान्हे बाळ घेऊन गाडी कोण पकडणार? या आजाराचा बहुतेक इतिहास दवाखान्याबाहेरच घडला.

पांढऱ्या थराचे कारण मात्र दवाखान्यातच सापडले, तेही अनाथाश्रमाच्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातल्या अनाथालयांत हा आजार बाळांच्या रांगाच्या रांगा आडव्या करी. थर घशापर्यंत उतरला की बाळ गिळेनासे होई आणि आधीच अर्धपोटी असलेले ते जीव संपत. डॉक्टर त्याला पचनाचा बिघाड म्हणत, कोणी दुधाला दोष देई, कोणी बाळाच्या प्रकृतीला. १८३९ मध्ये बर्नहार्ड लांगेनबेक या जर्मन डॉक्टरला एका तापाच्या रोग्याच्या घशात बुरशी दिसली, पण त्याने तिचा संबंध तापाशीच जोडला. स्टॉकहोमच्या अनाथालयात काम करणाऱ्या फ्रेडरिक थिओडोर बर्ग यांनी १८४१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तो थर ठेवला आणि तो साय नव्हे, चोथा नव्हे, तर वाढणारी बुरशी आहे हे दाखवले. निरोगी बाळाच्या तोंडात तो थर लावला तर तिथेही आजार होतो हेही त्यांनी पडताळले. आज कुठलीही समिती या प्रयोगाला परवानगी देणार नाही. पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांनी १८४२ मध्ये स्वतंत्रपणे तेच सांगितले. १८४५ मध्ये बर्ग कॅरोलिन्स्का संस्थेत बालरोगाचे प्राध्यापक झाले. जगातल्या अगदी पहिल्या बालरोग-अध्यासनांपैकी ते एक.

१८७५ मध्ये हाउसमान यांनी पुढचा दुवा जोडला. आईच्या योनिमार्गातली बुरशी आणि बाळाच्या तोंडातली बुरशी एकच असून ती जन्माच्या वाटेवरच बाळाला मिळू शकते, असे त्यांनी दाखवले. बुरशीचे बारसे मात्र लांबले. ऑइडियम, मोनिलिया अशी नावे बदलत १९२३ मध्ये उट्रेक्टच्या क्रिस्टीन बेर्कहाउट या संशोधिकेने आपल्या प्रबंधात तिला कँडिडा या गटात घातले. कँडिडा अल्बिकन्स हे आजचे नाव तिथून आले.

कारण कळले तरी औषध बदलले नाही, ही या इतिहासातली मजेची जागा. ब्रिटिश औषधसंहितेत, म्हणजे सरकारी दवाखान्यांच्या प्रमाणग्रंथात, टाकणखार घातलेला मध हे रीतसर औषध होते. मधाऐवजी ग्लिसरीन घातलेला प्रकारही होता. कंपाउंडर लाकडी खोक्यातून बाटली काढून देई, त्यात आजीचेच औषध असे. फरक इतकाच की आता टाकणखार तिबेटचा नव्हता. इटलीतल्या टस्कनीच्या उष्ण झऱ्यांनी आणि १८८० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीने जगाचा बाजार काबीज केला होता. खिंडींतल्या मेंढ्यांचा धंदा त्यात मागे पडला.

त्याच सुमारास महाराष्ट्रात घरगुती वैद्यकाची छापील पुस्तके वाढत होती. शंकर दाजीशास्त्री पदे यांचे ‘आर्यभिषक्’ अनेक घरांत पंचांगाशेजारी असे. अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलन सुरू केले तेही याच पदे यांनी, १९०७ मध्ये. दवाखाना एकीकडे, छापील वैद्यक दुसरीकडे आणि मधे सुईण. पण तिघेही बाळाच्या तोंडात औषध लावायचे ते बोटानेच.

मग आला रंग. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने लंडनमध्ये कोलटारपासून जांभळा रंग तयार केला आणि कृत्रिम रंगांचा कारखानदारी काळ सुरू झाला. १८६१ मध्ये फ्रान्समध्ये शार्ल लॉथ यांनी केलेला जांभळा पुढे जेन्शन व्हायोलेट म्हणून ओळखला गेला. रेशीम आणि शाईसाठी जन्मलेला हा रंग जंतूंच्या पेशीत शिरून त्यांना मारतो हे हळूहळू लक्षात आले. १९१२ मध्ये अमेरिकन शल्यविशारद जॉन चर्चमन यांनी तो काही जंतूंची वाढ रोखतो आणि काहींची नाही, हे नेमकेपणाने मांडले. १९२५ मध्ये फेबर आणि डिकी या डॉक्टरांनी बाळांच्या तोंडातल्या बुरशीवर तो वापरून निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि जगभरच्या दवाखान्यांत जांभळी बाटली पोहोचली.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत त्याला ‘जांभळं औषध’ हेच नाव रुळले. पाव टक्का द्रावण, कापसाचा बोळा, दिवसातून दोनदा. बाळाचे ओठ, हनुवटी, झबले, आईची चोळी, सगळे जांभळे. ज्या घरात हे औषध चालू असे ते शेजाऱ्यांना न विचारताच कळे.

बोईसर-तारापूरच्या वाचकाला या रंगाच्या गोष्टीत जरा जास्त ओळख वाटेल. तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ मध्ये सुरू झाले आणि पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली. तिथे रंग, रंगांचे कच्चे घटक आणि औषधांचे मूळ पदार्थ बनवणारे कारखाने शेजारीशेजारी आले. रंगाचे रसायन आणि औषधाचे रसायन ही भावंडे असल्याचे युरोपात एकोणिसाव्या शतकात कळले होते. इथे ती एकाच बसथांब्यावर उतरणाऱ्या कामगारांच्या दोन पाळ्यांत विभागली गेली. आसपासच्या गावांतून सायकलने, मग मोटरसायकलने कामाला जाणाऱ्या पिढीबरोबर घरातली बाळंतपणेही दवाखान्यात गेली. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला.

खरे बुरशीनाशक औषध सापडले ते मातीत, आणि तेही एका विरोधाभासातून. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आणि त्यामागून आलेल्या प्रतिजैविकांनी जंतू मारले, पण बुरशीला ती लागू पडत नव्हती. उलट तोंडातले आणि आतड्यातले निरुपद्रवी जंतू नाहीसे झाले की त्यांच्या धाकात राहणारी बुरशी मोकाट सुटे. बाळाला किंवा आईला प्रतिजैविक दिले की बाळाच्या तोंडात आठवड्याभरात पांढरा थर, हे दृश्य डॉक्टरांना परिचयाचे झाले. न्यूयॉर्कच्या राज्य आरोग्य विभागात काम करणाऱ्या एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी यावर उपाय शोधला. हेझन न्यूयॉर्क शहरात मातीतले जीव वाढवून पाहत. उपयोगी वाटणारा नमुना काचेच्या बरणीतून टपालाने ऑल्बनीला जाई आणि तिथे ब्राउन त्यातले रसायन वेगळे करत. व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या शेतातल्या मातीने काम केले. १९५० मध्ये त्यांनी निस्टॅटिनची घोषणा केली. पेटंटचे एक कोटी तीस लाख डॉलरहून अधिक उत्पन्न त्यांनी स्वतःकडे न ठेवता संशोधनासाठी दिले. १९६६ मध्ये फ्लॉरेन्सला पूर आला तेव्हा भिजलेल्या चित्रांवरची बुरशी काढायलाही हेच औषध वापरले गेले.

असाच प्रयोग पुण्याजवळ झाला, हे मात्र पुण्यातही फारसे कोणाच्या लक्षात नाही. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. कंपनीच्या संशोधन विभागात एम. जे. थिरुमलाचार हे बुरशीशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतला एक स्ट्रेप्टोमायसीस वेगळा केला, त्याला पिंपरीचेच नाव दिले आणि त्यातून १९६० च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळवले. तोंडातली बुरशी, योनिमार्गाचा संसर्ग यांवर ते वरून लावण्यासाठी वापरले गेले. भारतीय मातीतून, भारतीय प्रयोगशाळेत सापडून बाजारात आलेली प्रतिजैविके मोजकीच, त्यांत याचे स्थान वरचे. पुढे क्लोट्रिमॅझोलसारखी, पूर्णपणे प्रयोगशाळेत घडवलेली स्वस्त औषधे आली आणि हॅमायसिन मागे पडले.

औषध सापडणे आणि ते पाड्यावरच्या बाळापर्यंत जाणे यांत मात्र कितीतरी वर्षांचे अंतर होते. या जिल्ह्यात ते कापण्याचा एक प्रयत्न डॉक्टरांनी नव्हे, शिक्षिकांनी केला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नव्हती, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. म्हणून विकासवाडीत शाळेला बालवाडी आणि बालवाडीला पाळणाघर जोडले गेले. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, डोळे-कान-तोंड पाहणे हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. मुले शाळेपर्यंत येत नसतील तर शाळा अंगणात न्यायची, या ताराबाईंच्या कल्पनेतली ‘अंगणवाडी’ पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून देशभरच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांचे नाव होऊन बसली.

पांढऱ्या जिभेचा दुसरा अर्थही याच जिल्ह्याने पाहिला. धष्टपुष्ट बाळाला हा आजार झाला तर तो त्रासदायक असतो, धोक्याचा क्वचित. कुपोषित बाळात मात्र तो अन्ननलिकेपर्यंत उतरू शकतो. बाळ कमी पिते, आणखी खंगते, आणि खंगल्यामुळे बुरशी आणखी वाढते. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले, त्यानंतर १९९५ मध्ये आदिवासी भागांसाठी नवसंजीवन योजना आली. पुढच्या काळात एचआयव्हीचे सावट आले आणि पुन्हा पुन्हा येणारी, औषधाला दाद न देणारी तोंडातली बुरशी ही तपासणी करून घेण्याची खूण ठरली. सहा महिन्यांनंतरच्या बाळाला कारणाशिवाय वारंवार हा त्रास होत असेल तर डॉक्टर आजही मागचे कारण शोधतात.

टाकणखाराची सद्दी संपली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तो बुरशीवर काम करतो, यात खोटे नव्हते. पण तान्ह्याच्या शरीरातून तो बाहेर पडायला वेळ लागतो आणि रोज थोडा थोडा गेला की साठतो. १९८३ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी सात तान्ह्या बाळांची हकिकत प्रसिद्ध केली. या बाळांना आकड्या येत होत्या आणि कारण सापडत नव्हते. शेवटी कळले की त्यांच्या चोखण्यांना टाकणखार घातलेला मध लावला जात होता. तो बंद केल्यावर आकड्याही थांबल्या. मधाचा दुसरा धोका त्याच सुमारास उघड झाला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात बाळांमधला बोट्युलिझम ओळखला गेला आणि त्याचे बीजाणू मधात सापडू शकतात हे लवकरच दिसले. एक वर्षाखालच्या बाळाला मध नको, हा आजचा नियम तिथून आला. म्हणजे लाही आणि मध, दोन्ही घटक एका दशकाच्या आत बाद झाले. खेड्यातल्या घराघरांत ही बातमी अजून पुरती पोहोचलेली नाही. बाळगुटीच्या दुकानात टाकणखार अजून मिळतो आणि ‘आमची मुलं याच्यावरच वाढली’ हे वाक्यही अजून ऐकू येते.

जांभळ्या औषधाचीही पत उतरली आहे. २००३ पासून भारतात राबवलेल्या नवजात व बालकांच्या आजारांच्या एकात्मिक उपचार पद्धतीत परिचारिकांना ते शिकवले गेले. आधी हात धुवा, मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्वच्छ कापड बोटाला गुंडाळून तोंड पुसा, निम्म्या तीव्रतेचे द्रावण लावा, पुन्हा हात धुवा. तीव्र द्रावणाने तोंडाला जखमा होतात, म्हणून पाव टक्क्यावर भर. २०१९ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने कर्करोगाच्या शक्यतेमुळे जेन्शन व्हायोलेट न वापरण्याचा इशारा दिला. आज जिथे उपलब्ध आहे तिथे निस्टॅटिनचे थेंब किंवा क्लोट्रिमॅझोलचे तोंडात लावायचे द्रावण, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, हा पहिला उपाय. थेंब दूध पाजून झाल्यावर द्यायचे, म्हणजे दुधाबरोबर वाहून जात नाहीत. थर गेला तरी आणखी दोन दिवस चालू ठेवायचे. मायकोनॅझोलचे घट्ट जेल चार महिन्यांखालच्या बाळाला देत नाहीत, कारण ते घशात अडकू शकते. थर खरवडून काढायचा नाही. बाटलीची बुचे आणि चोखणी उकळायची, शक्यतो बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरायचा. स्तनपान थांबवायचे नाही. आणि दिवसेंदिवस दूध न घेणे, लघवी कमी होणे, ताप, सुस्ती यांपैकी काही दिसले, किंवा आठवडाभर औषध देऊनही फरक पडला नाही, तर दवाखाना गाठायचा.

हे सगळे पाहणारी व्यक्ती आता सुईण नसून आशा कार्यकर्ती आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून २००५ पासून ती गावोगाव आली. तिच्या घरभेटींचा आराखडा गडचिरोलीच्या अनुभवावर बेतला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या बायकांना प्रशिक्षण देऊन घरीच नवजात बाळांची काळजी घेतली आणि त्याचे परिणाम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. २०११ मध्ये तीच पद्धत देशाने स्वीकारली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळ घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवशीही. बाळाचे वजन, तापमान, नाळ, दूध पिणे, हे ती तक्त्यात भरते. बुरशीचा थर बहुधा या सहा आठवड्यांतच पहिल्यांदा दिसतो, त्यामुळे तोंड उघडून पाहण्याची संधी या भेटींत आपोआप मिळते.

बेचाळिसाव्या दिवसानंतर आशाची पुढची ठरलेली भेट तिसऱ्या महिन्यात. लहान बालकांच्या घरभेटींचा तो कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. मधल्या काळात लसीकरणासाठी बाळ उपकेंद्रात येते ते सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. बरी झालेली बुरशी परत येते ती बहुधा याच सुमारास, प्रतिजैविकाचा एखादा डोस झाल्यावर किंवा आई कामावर परतून बाटली सुरू झाल्यावर. तेव्हा तान्ह्याची जीभ पहिल्यांदा पाहते ती घरातलीच बाई, बहुतेकदा आजी. म्हणूनच आशाच्या घरभेटीत आईबरोबर आजीलाही समोर बसवावे लागते, आणि टाकणखाराचा विषय तिच्याशीच काढावा लागतो.